जोडीदाराला वस्तूंचा सोस असेल तर पैशाचं बोलणं कसं काढावं

‘तुला नुसतं वस्तूंचं वेड आहे’ हे वाक्य आधी विसरा. स्वभावावर बोट ठेवलं की मागच्या दिवाळीची तुमची पैठणीसुद्धा उकरून निघते.

पहिलं म्हणजे, पैसा कुठून येतो ते बघा. स्वतःच्या कमाईतून, उधारी न करता कुणी महागडे बूट घेत असेल तर गप्प बसा. तुम्हाला ते आवडत नाहीत, एवढंच.

उधारी असेल तर बोलणं आलं. खरी मेख इथे आहे, आणि मीही इथेच सगळ्यात जास्त अडले. ‘रविवारी निवांत चहा पीत बोला’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मोघम बोलण्यातून ‘हो गं, करतो कमी’ एवढंच हाती लागतं. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं की बसायचं आणि आधी आपलं काढायचं, मग त्याचं. त्याची नजर थेट ‘मिनिमम ड्यू’वर जाते: 60,000 च्या बिलावर 3,000 भरले की सुटलो! उरलेल्यावर बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. यावर भाषण ठोकू नका. आकडे त्यालाच मोठ्याने वाचू द्या. ‘नो कॉस्ट ईएमआय’खालची प्रोसेसिंग फीसुद्धा.

मग एकच विचारा: “हे घेतल्यावर आधी कुणाला दाखवावंसं वाटलं?” कधी ऑफिसातलं कुणी निघतं, कधी तो चुलतभाऊ, ज्याचे जुने कपडे लहानपणी वापरावे लागले. तिथे सल्ला देऊ नका. ‘आमच्याकडे असले लाड नव्हते’ हे तर मुळीच नको. त्यानंतर महिनाभर कुणी स्टेटमेंट उघडत नाही.

पुढचं सोपं. घरखर्च, हप्ते, बचत बाजूला काढून दोघांना सारखी रक्कम, हिशोब न विचारता.

लग्न व्हायचं असेल तर एकमेकांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि कार्डाच्या फेडीची नोंद, बघा. ही नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. पत्रिका बघताना लाजत नाही, मग इथे कसली लाज?

आणि त्याचा सोस तुमच्या आईवडिलांच्या खिशातून भागणार असेल, ‘लग्नात गाडी द्या’ वगैरे, तर तो सोस नव्हे, हुंडा. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात नुसती मागणी हाही गुन्हा आहे. तिथे स्टेटमेंट घेऊन बसू नका. लग्न मोडा.