उपाशी घोडा सावरताय? या चुका टाळा

घोडा ट्रकमधून उतरतो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरतात ती पुठ्ठ्याची हाडं. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे, मांस झडून चपटी झालेली मान, डोळ्यांवरची खोबण इतकी खोल की अंगठा बसावा. ठाणात नेल्यावर तो दाराची फळीच कुरतडायला लागतो आणि तुमच्या हातात असतं जेमतेम अर्धा किलो वाळलेलं गवत. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास कळवळून म्हणतं, "अहो, एवढंच? पोटभर खाऊ द्या ना बिचाऱ्याला!"

पागेत नवी होते तेव्हा हे म्हणणारी मीच असायचे.

मग एक कुमैत घोडी आली. दोन दिवस थोडं थोडं गवत खाऊन तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली, पावलांचा आवाज ऐकून खिंकाळली. आम्हाला वाटलं, वाचली. त्या रात्री आमच्यातल्याच एकाने प्रेमापोटी तिच्यापुढे बादलीभर ओट आणि गोड मॅश ठेवला. तिने बादली चाटून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खांद्याचे स्नायू थरथरू लागले, श्वास वरवरचा झाला, मग ती बसली. ती पुन्हा उठली नाही. ती भुकेने मेली नव्हती, खाऊ घातल्याने मेली होती.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक: चंदी, म्हणजे धान्याचा खुराक

उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. अशा शरीरात एकदम पिष्ट किंवा साखर गेली की इन्सुलिन उसळतं. त्याच्या जोरावर पेशी रक्तातली साखर आत ओढतात आणि तिच्यासोबत फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमही ओढून नेतात. ज्यांचे साठे आधीच रिकामे झालेले असतात ती ही खनिजं रक्तात तळाला जातात. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, घोडा कोसळतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली उपाशी माणसंही भरपेट खाल्ल्यावर अशीच दगावली होती.

हा फटका साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसादरम्यान बसतो, म्हणजे घोडा तरतरीत दिसायला लागतो नेमका तेव्हाच. घोडं इथेच पेंड खातं. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशीच्या रक्ततपासणीत फॉस्फरस अगदी व्यवस्थित दिसू शकतो. शरीराचा साठा संपलेला असला तरी रक्तातला आकडा खाणं सुरू झाल्यावरच घसरतो. म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. पहिले दहा दिवस डॉक्टरांना पुन्हा पुन्हा रक्त तपासायला सांगा.

मग द्यायचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1990च्या दशकात उपाशी घोड्यांवर तीन प्रकारचे आहार तपासले. त्यात वाळवलेला पानेदार लसूणघास, म्हणजेच ल्युसर्न किंवा अल्फाल्फा, सर्वांत सुरक्षित ठरला. त्यात पिष्ट कमी असतं, प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस-मॅग्नेशियमही चांगलं. त्यावरून रूढ झालेलं वेळापत्रक मध्यम बांध्याच्या घोड्यासाठी असं आहे: पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्ध्या किलोला थोडं कमी, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास. चौथ्या दिवसापासून एका वेळचं प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवशी दर आठ तासांनी दोन किलोच्या आसपास. दहा दिवसांनंतर, सगळं ठीक असेल तर, दोन वेळा आणि तो खाईल तितकं. चंदीचा विचार त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी.

दर चार तासांनी म्हणजे रात्री दोनचा गजरही आलाच. रात्रीचं एक खाणं चुकलं म्हणून सकाळी दुप्पट देणं, ही चूक मी स्वतः पाहिली आहे. वाटणी आदल्या संध्याकाळीच वजन करून सहा पिशव्यांत भरून ठेवा. पेंगुळलेल्या डोळ्यांनी हाताला लागेल तेवढा मूठभर चारा उचलला की अर्ध्या किलोचा सव्वा किलो कधी होतो ते कळत नाही. आणि ठाणाच्या दारावर पाटी लावा: "याला काहीही खायला देऊ नये." गाजरं, सफरचंदं, साखरेचे खडे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती लागतेच. खाली पेंढाही अंथरू नका. भुकेला घोडा तो रात्रभर खातो आणि सकाळी पोटशूळ घेऊन उभा असतो. लाकडाचा भुसा किंवा रबरी चटई बरी.

पाणी मात्र कायम समोर असावं. थंडीत कोमट करून दिलं तर जास्त प्यायलं जातं.

डोळ्यांनी वजन करू नका

घोड्याची अंगकाठी मोजायची हेनिके पद्धत 1983 सालची. एक ते नऊ गुण, एक म्हणजे नुसता सापळा, पाच म्हणजे मध्यम. मान, मानेचं बूड, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा हाताने चाचपायच्या. हाताने, हे महत्त्वाचं. दाट हिवाळी केसांखाली दोन गुणांचा घोडा चार गुणांचा दिसतो. आणि सुटलेलं पोट म्हणजे चरबी नव्हे. निकस, जाड्याभरड्या चाऱ्याने आणि जंतांनी पोट सुटतं, वर पाठीचा कणा करवतीसारखा उभाच असतो.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागचा छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,900 ने भागा. घेर 155 आणि लांबी 150 असेल तर उत्तर सुमारे 303 किलो येतं. सापळा झालेल्या घोड्यात हा आकडा थोडाफार चुकतो, पण दर आठवड्याला त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच जागी टेप लावला तर वजन कुठे चाललंय ते नक्की कळतं. सोबत दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून फोटो. प्रकरण कोर्टात गेलं तर हेच फोटो आणि हीच वही पुढे येते, म्हणून तारखा टाका, खाडाखोड करू नका.

वजन दिसण्याजोगं वाढायला साधारण महिना लागतो, मूळ वजनावर यायला सहा ते दहा महिने. दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून खाणं वाढवणारे पुष्कळ भेटतात.

पहिल्याच दिवशी सगळं उरकायचं

घोडा आला, डॉक्टर आलेच आहेत, तर जंताचं औषध, लसी, दात, खूर एका दमात करून टाकू. माणसाच्या सोयीचं, घोड्याच्या जिवावरचं.

जंतांचं बघा. अशा घोड्याच्या पोटात जंत असतातच, पण एकदम सगळे मेले तर आतडं सुजतं किंवा तुंबतं. शिंगरांमध्ये मोठ्या गोल जंतांचा गोळा आतड्यात अडकणं ही खरोखरीची भीती आहे. म्हणून आधी लीद तपासा, घोडा थोडा सावरू द्या, मग कोणतं औषध आणि किती ते डॉक्टर ठरवतील. मॉक्सिडेक्टिन हे चरबीत साठणारं जंताचं औषध आहे. चरबीच नसलेल्या घोड्यात ते मज्जासंस्थेवर उलटू शकतं, आणि त्यात वजनाचा अंदाज चढा लावलेला असला तर आणखीच.

दातांसाठी बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं, ते अशक्त हृदयाला झेपेलच असं नाही. काही आठवडे थांबा. तोवर घोडा गवताचे अर्धवट चावलेले ओले बोळे खाली टाकत असेल तर चारा बारीक कापून, भिजवून द्या. नाकपुड्यांतून चाऱ्यासकट हिरवं पाणी आलं, मान ताणून खोकायला लागला, तर घास अन्ननलिकेत अडकलाय. खाणं-पाणी काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

चपलेसारखे पुढे वाढलेले खूर बघून नालबंदाचेही हात शिवशिवतात. पण एकाच दिवसात खूर मूळ आकारावर आणायला गेलात तर टाचेवरचा ताण एकदम बदलतो, आणि तीन पायांवर उभं राहण्याची ताकदही त्याच्यात नसते. पहिल्यांदा फक्त टोक कमी करा, मधे विश्रांती द्या, पुढचं तीन-चार आठवड्यांनी. खुराच्या तळाच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकटा असेल तर ती सफाई मात्र लगेच सुरू करा. जखमा असतील तर धनुर्वाताचं डॉक्टरांना आधी विचारा. बाकीच्या लसींना सवड आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच मिनिटाला करायची: नवा घोडा वेगळा ठेवायचा. बादली वेगळी, खराऱ्याचा ब्रश वेगळा, त्याचं काम सर्वांत शेवटी. किमान तीन आठवडे. स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा घशाच्या गाठींचा संसर्गजन्य रोग, झालेला घोडा आला तेव्हा धडधाकट दिसू शकतो, मग ताप येतो, जबड्याखाली गाठी येतात आणि तोवर सगळी पागा शिंकत असते. ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा संसर्गजन्य रोग तर माणसालाही होतो.

घोंगडीबद्दल थोडं. अंगावर चरबी नसलेला घोडा थंडी-पावसात लवकर गारठतो, त्यामुळे ती द्यायलाच हवी. पण रोज काढून खाली बघा. घोंगडी घालून आठ दिवस विसरलात तर मानेच्या बुडाशी हाडावर जखम झालेली सापडेल.

अडलं तर

पाय आणि पोटाखालचा भाग सुजला: खाणं सुरू झाल्यावर काही दिवसांनी हे बऱ्याचदा दिसतं, कारण रक्तातली प्रथिनं कमी झालेली असतात. दोन्ही बाजूंना सारखी, बोटाने दाबल्यावर खड्डा पडणारी सूज असेल तर घाबरू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. एकच पाय गरम आणि दुखरा असेल तर गोष्ट वेगळी.

लीद पातळ झाली: चारा वाढवणं थांबवा, आदल्या प्रमाणावर परत या. बारा तासांत लीदच नाही, पोटाला कान लावून काही गुरगुरत नाही, घोडा मागे वळून कुशीकडे बघतोय, तर वाट बघू नका.

खाली बसला आणि उठत नाही: छातीवर बसता येईल असे गठ्ठ्यांचे टेकू द्या, दर दोन-चार तासांनी कूस बदला. 72 तास ओलांडूनही उभा राहत नसेल तर तो वाचण्याची आशा फार कमी. अशा वेळी दयामरणाचं बोलणं डॉक्टरांआधी आपणच काढावं, असं माझं मत आहे. आणखी चार दिवस ओढणं बहुतेकदा आपल्या समाधानासाठी असतं.

गाढव, तट्टू किंवा गाभण घोडी खायचं थांबली: हा धोक्याचा इशारा समजा. यांच्यात उपासाने शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होतं. एक दिवसही थांबू नका. घोडी गाभण आहे का, हे आल्यावर लवकर तपासून घ्या. सुटलेलं पोट दर वेळी जंतांचंच नसतं.

महिना झाला तरी वजन हलत नाही: वहीतलं चाऱ्याचं वजन आधी तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, किंवा शेजारचा घोडा त्याचं खातोय. मग दात, जंत, अल्सर.

रोजच्या नोंदीला तीन आकडे पुरतात: तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. घोडा आराम करत असताना घ्या.

"आला तेव्हा किती गरीब होता!"

सहाव्या-सातव्या आठवड्यात हे वाक्य येतंच. ज्याच्या पोटाखालून पोरं जात होती तो आता बादली दिसली की कान मागे पाडतो आणि दुगाण्या झाडतो. तो बिघडलेला नाही. आधी जो शांतपणा दिसत होता तो अशक्तपणा होता, आता कुठे खरा घोडा दिसायला लागलाय. अशा घोड्याला "शांत, मुलांसाठी योग्य" म्हणून तिसऱ्या आठवड्यात दत्तक देणं ही चूक अनेक पागांनी केली आहे. घोडा परत येतो, आणि क्वचित कुणाचं हाडही मोडलेलं असतं. स्वारीचंही तसंच. चरबी आधी येते, पाठीचे स्नायू फार नंतर. पाच गुणांच्या आसपास येईपर्यंत खोगीर नको, हाताने धरून पाच-दहा मिनिटं चालवणं पुरे.

खाण्यावरून चावणाऱ्या घोड्याला मारून उपयोग नाही, भूक त्याच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. वेळ ठरलेली ठेवा, इतर घोड्यांपासून दूर खायला द्या, चारा तो आत यायच्या आधीच ठेवून बाहेर या. आमच्याकडचा एक अबलख घोडा चार महिने दाराला छाती लावून जेवायचा, कुणी आत येऊ नये म्हणून. पाचव्या महिन्यात एका सकाळी गवत अर्धं टाकून तो पाणी प्यायला गेला. वहीत त्या दिवशी वजनाच्या रकान्याशेजारी कुणीतरी फक्त एवढंच लिहिलंय: "उरवलं."