वर्कशॉपचं व्हॉट्सॲप: पोरांना शिकवायला आणि गिऱ्हाईक टिकवायला

भोसरी, सातपूर, शिरोली, जिथं कुठं तुमचं छोटं वर्कशॉप असेल तिथं लिंक्डइनचं (धंद्या-नोकरीच्या ओळखींची साइट) नंतर बघा, आधी हातातलं व्हॉट्सॲप नीट लावा.

शिकण्यासाठी वेगळा ग्रुप काढा, जुन्यातच घुसडू नका, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. जुन्या ऑपरेटरला सांगायचं, की बाबा टूल बदलताना, मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) सेट करताना एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, जसं बोलतोस तसंच बोल, आणि एका व्हिडिओत एकच काम, म्हणजे नवीन पोराला नेमकं तेच सापडतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मात्र फ्रेममध्ये येता कामा नये हां, हे आधीच बजावून ठेवा. आता व्हॉट्सॲपवर महिनाभरापूर्वीचा व्हिडिओ डाउनलोड केलेला नसेल तर बऱ्याचदा उघडतच नाही, म्हणून कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून टाका आणि लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये. लिंक असेल त्यालाच दिसतं, पण ती कोणीही पुढं पाठवू शकतो, तेव्हा गुपित काही टाकू नका.

धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो! म्हणून बिलावरच छापा, ‘नंबर सेव्ह करा’. आणि रोज मेसेज नको, लोक सरळ ब्लॉक करतात.