कॉलेजच्या खर्चाचा तास घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

कर्नाटकातल्या सीमाभागातील मराठी माध्यमिक शाळांत नववी-दहावीच्या मुलांना कॉलेजचा खर्च कसा भागवायचा हे शिकवण्याचे काम यंदा ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्या शिक्षकांसाठी हे लिहीत आहे. पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) यांच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. हा तास दहावीच्या निकालानंतर मात्र ठेवू नका. निकालानंतरच्या सत्कार समारंभात पाहुणे 'पैशावाचून कोणाचे शिक्षण अडत नाही' असे सांगून जातात. माझ्या मते ते साफ खोटे आहे. शिक्षण अडते, आमच्या खानापूर तालुक्यात ते अडलेले मी पाहिले आहे, आणि पुष्कळदा ते मंजूर झालेली शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर हाती न आल्यामुळे अडते.

म्हणून मी फळ्यावर शिष्यवृत्त्यांची यादी लिहिण्याआधी खर्च लिहितो. एकाच महाविद्यालयातील अभियांत्रिकीच्या एकाच शाखेचे शुल्क सीईटीतून मिळालेल्या सरकारी कोट्यातील जागेला एक, कॉमेडकेच्या, म्हणजे खासगी महाविद्यालयांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षेतून मिळालेल्या, जागेला दुसरे आणि मॅनेजमेंटच्या जागेला तिसरे असते, ही गोष्ट पालकांनाही अनेकदा प्रवेशाच्या खिडकीशीच कळते. त्यानंतर खोली, मेस, पुस्तके आणि प्रवास. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे मुलींना राज्य परिवहनाच्या साध्या बसने फुकट जाता येते, त्यामुळे खानापूरहून रोज बेळगावला जाणाऱ्या मुलीच्या प्रवासाच्या रकान्यात शून्य येते आणि मुलाच्या रकान्यात पासाची रक्कम. हे पाहून वर्गात जी कुजबुज होते, तिच्यापुढे मला फारसे काही शिकवावे लागत नाही.

आता ज्या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, तिच्याकडे वळतो. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे बहुधा पासबुकावरील क्रमांक पाहून येत नाहीत. ते विद्यार्थ्याचा आधार क्रमांक पाहून येतात. हा आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे याची नोंद एनपीसीआय या बँकांमधील देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत असते, आणि त्या यादीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते. सर्वांत शेवटी जिथे जोडणी झाली, तिथे पैसे जातात. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली, असा जवळजवळ प्रत्येक घराचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. दुसरी गोम अशी की मूल लहान असताना आईसोबत खाते उघडले असेल, तर पुष्कळदा तिथे आईचा आधार नोंदलेला असतो. खाते मुलीच्या नावाचे दिसते, पण मुलीचा आधार कुठेच जोडलेला नसतो. बँकांची विलीनीकरणेही ध्यानात ठेवा. आपल्या भागात गावोगाव शाखा असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत आली आहे, तेव्हा जुन्या पासबुकावर विसंबून न राहता जोडणीची स्थिती नव्याने पाहून घ्यावी.

हे मी इतके घोळून सांगतो, कारण मी स्वतः यात सापडलो होतो. पदवीला असताना नवे सिम घेण्यासाठी दुकानात अंगठा लावला, आणि मला न विचारता एका पेमेंट बँकेत माझे खाते उघडले गेले. आधारची जोडणी तिकडे सरकली. संकेतस्थळावर शिष्यवृत्ती 'मंजूर' दिसत होती, माझे पासबुक कोरडे होते, आणि वडिलांना गावच्या सोसायटीतून व्याजाने रक्कम उचलून शुल्क भरावे लागले. ते व्याज कोणत्याही योजनेने परत दिले नाही.

तरीही वर्गात घबराट होऊ देऊ नका. मायआधारच्या संकेतस्थळावर जोडणी कोणत्या बँकेत आहे हे दोन मिनिटांत दिसते. फक्त ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक चालू हवा. वयाच्या पंधराव्या वर्षी सक्तीचे असलेले बायोमेट्रिकही अद्ययावत करून घ्यावे. शिवाय घरात एक जाणकार बहुतेक वेळा आधीच असते. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरातील कर्त्या स्त्रीला मिळणारे दरमहा २,००० रुपये मिळवण्यासाठी आयांनी हीच खटपट २०२३ मध्ये केली आहे. 'एनपीसीआय झालंय का?' हा प्रश्न त्या बँकेत जितक्या सहजतेने विचारतात, तितका मला पदवी घेऊनही विचारता आला नव्हता.

शिष्यवृत्त्यांविषयी थोडक्यात सांगतो. आठवीतील एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा कोणत्याही परिस्थितीत चुकवू देऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना तिच्यातून नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतरचे राज्याचे अर्ज एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरायचे असतात आणि त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळणाऱ्या जात व उत्पन्न प्रमाणपत्रांवरील आरडी नंबर (त्या प्रमाणपत्राचा क्रमांक) लागतो. प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवरचे नाव नववीतच शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहा. बीसीएम हॉस्टेलचा, म्हणजे मागासवर्गीय मुलांच्या सरकारी वसतिगृहाचा, अर्ज वेगळा असतो, आणि खोली-मेसचा खर्च पाहता तो कित्येकांना शिष्यवृत्तीपेक्षाही मोलाचा ठरतो.

कोल्हापूर-पुण्याकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषकांची 'ई' प्रकारची उमेदवारी आहे. तिच्यासाठी वास्तव्याचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले द्यावे लागतात. मात्र प्रवेशाची पात्रता मिळाली म्हणजे शुल्काची सवलतही मिळाली, असे समजू नका. कर्नाटकातील जातीचा दाखला तिकडे आपोआप चालेल हेही गृहीत धरू नका.

कर्जाचे नाव काढले की आपल्याकडचे पालक एकतर बिचकतात, नाहीतर डोळे मिटून सही करतात. बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, अन्य सवलत न घेणाऱ्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे. पण हप्ता सुरू होण्याआधीही व्याज चढत असते, हे फळ्यावर मांडून दाखवा. दहा टक्क्यांनी चार लाखांचे वर्षाचे व्याज ४०,००० होते. रक्कम वर्षावर्षाने उचलली जात असल्यामुळे सुरुवातीला आकडा कमी असतो, एवढाच दिलासा. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न कमी दाखवायचे आणि कर्जासाठी जास्त दाखवायचे, असा सल्ला देणारे महाभाग प्रत्येक गावात भेटतील. त्यांना शाळेच्या आवारात पाऊल टाकू देऊ नका.

सायबरवाल्यांविषयी माझे मत कडक आहे. अर्ज भरून देण्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही, पण ते स्वतःचाच मोबाइल क्रमांक नोंदवतात, पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि त्रुटीचा संदेश आला की तो त्यांच्याच फोनवर राहतो. मोठ्या अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवण्यापेक्षा गेल्या वर्षी अर्ज भरलेली गावातलीच एखादी ताई वर्गात बसवा. कोणत्या पानावर अर्ज अडकतो ते तिला ताजे आठवत असते.

पालकसभा कधी घ्यावी, यालाही महत्त्व आहे. उसाची बिले हाती येतात ती गाळपाच्या दिवसांत, आणि शुल्क भरायचे असते पावसाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा तोच पैसा बी-बियाणे आणि खतात अडकलेला असतो. शिष्यवृत्ती तर त्याच्याही नंतर येते, म्हणजे शुल्काचा पहिला हप्ता घरातूनच जाणार. त्यामुळे मी सभा जानेवारीत घेतो आणि बिलातून किती रक्कम बाजूला काढायची, ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांनी पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची ठेव) रोज कितीची लावायची, याचा हिशेब पालकांकडून तिथेच कागदावर करून घेतो.