झोनवाल्या फर्नेसला सेंट्रल एसी जोडताय? आधी सगळ्यात छोटा झोन मोजा

अमेरिकेत जुनं घर घेतलं की बऱ्याचदा बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), तिच्यावरून निघालेले पत्र्याचे डक्ट, खाली एक थर्मोस्टॅट नि वर एक (म्हणजे घराचे दोन झोन, ज्याला हवा नको त्याच्या डक्टमधली झडप, म्हणजे डँपर, बंद होते), आणि एसी म्हणाल तर खिडकीत अडकवलेले दोन डबे. आमचं न्यूजर्सीतलं घर तसंच. जुलैत वरच्या बेडरूममध्ये अंग नुसतं चिकचिक व्हायचं, म्हणून एका उन्हाळ्यात ३ टनाचा सेंट्रल एसी घालून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात रात्री गार हवा यायची बंद. सकाळी खाली जाऊन बघतो तर हवा गार करणाऱ्या कॉइलच्या जाड तांब्याच्या पाइपावर बोटभर बर्फ आणि फर्नेसच्या पायाशी पाण्याचं तळं. मशीन ठणठणीत होतं. छोट्या झोनला किती हवा जाते याचा हिशोब ना कॉन्ट्रॅक्टरने केला ना मी विचारला, एवढंच.

त्याचं असं आहे, कूलिंगला टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जावी लागते, म्हणजे ३ टनाला १२०० सीएफएम. रात्री फक्त वरचा झोन एसी मागतो, खालचा डँपर बंद. आमच्याकडे वर ६ इंची ४ पाइप जातात, एका पाइपातून धरा १०० सीएफएम, म्हणजे झाले ४००. बाराशेच्या जागी चारशे! हवा कमी पडली की कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते, हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो, बर्फाने हवा आणखी अडते आणि मग बर्फ वाढतच जातो. हीटिंगला हा प्रॉब्लेम एवढा दिसत नाही कारण हवा फार तापली की फर्नेसचा लिमिट स्विच बर्नर बंद करतो, म्हणून "झोन तर इतकी वर्षं मस्त चालतायत" या बोलण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा पहिलं काम लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे घराला किती टन लागतात याचा हिशोब. "मॅन्युअल जे" (Manual J, या हिशोबाची ठरलेली पद्धत) करून द्या असं स्पष्ट सांगा. आम्हाला एकाने घरात पाऊल टाकल्या टाकल्या स्क्वेअर फूट विचारून ४ टन सांगितलं होतं, चहा पण पूर्ण प्यायला नाही. मोठा एसी म्हणजे चांगला एसी नाही, तो पटकन गार करून बंद होतो, दमटपणा तसाच राहतो, आणि झोन असतील तर वर बर्फाची भर.

दुसरं काम स्वतः करा, टेप घेऊन खाली उतरा. प्रत्येक झोनचे पाइप मोजा, ६ इंचीला १००, ७ इंचीला १५०, ८ इंचीला २०० धरा, हा ढोबळ अंदाज आहे पण कॉन्ट्रॅक्टरशी बोलायला पुरतो. छोट्या झोनची बेरीज एसीच्या गरजेच्या निम्मी पण नसेल तर मशीन घ्यायच्या आधीच उपाय ठरवा. सगळ्यात चांगलं म्हणजे टू-स्टेज किंवा व्हेरिएबल स्पीडचं युनिट, जे एकट्या झोनसाठी हळू चालतं. नाहीतर त्या झोनला एक-दोन पाइप वाढवा, किंवा बाकीचे डँपर पूर्ण बंद न होता थोडे उघडे राहतील असं सेटिंग. बायपास डँपर बरेच जण सुचवतात कारण तो स्वस्त पडतो, पण तो गार हवाच परत रिटर्नमध्ये (फर्नेसकडे परत येणाऱ्या हवेच्या डक्टमध्ये) ढकलतो आणि कॉइल आणखी थंड होते, मला तरी तो पटत नाही. आमचं युनिट बसून गेलेलं होतं, म्हणून वर २ पाइप वाढवले, खालचा डँपर थोडा उघडा ठेवला आणि सप्लायच्या (घरात जाणाऱ्या हवेच्या) डक्टमध्ये टेंपरेचर सेन्सर टाकला, हवा फार गार झाली की तो कंप्रेसर थांबवतो, ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, चालू राहतो.

तिसरं, ब्लोअर. फर्नेस फक्त हीटिंगसाठी घेतलेली असेल तर तिचा ब्लोअर छोटा असू शकतो. बऱ्याच फर्नेसवर ०.५ इंच स्टॅटिक प्रेशरची (ब्लोअरला ढकलायला लागणाऱ्या हवेच्या दाबाची, पाण्याच्या इंचात) मर्यादा लिहिलेली असते आणि कॉइल बसली की त्यातलं बरंच ती एकटीच खाते. कॉइल बसवायच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजून आकडा लिहून मागा. हवेच्या वाटेत कॉइल फर्नेसच्या पुढे, झोन डँपरच्या अलीकडे बसते. फर्नेसच्या मागे बसवली तर ओलसर गार हवेने हीट एक्स्चेंजर गंजतो.

वायरिंगमध्ये आमचा एक अख्खा शनिवार गेला. जुन्या थर्मोस्टॅटला दोनच वायरी, आर (वीज) आणि डब्ल्यू (हीटिंग), आणि एसीला वाय (कूलिंग), जी (ब्लोअर) आणि शक्यतो सी (विजेची परतीची वायर) पण लागते, म्हणजे ५ वायरींची केबल. जुन्या केबलला नवी बांधून ओढायची हा सोपा उपाय, पण आमच्या भिंतीत ती आतून स्टेपल केलेली निघाली! झोन बोर्ड (डँपर चालवणारं सर्किट) पण फक्त हीटिंगचा असेल तर बदलावा लागतो. कंडेन्सरची (बाहेरच्या युनिटची) वाय वायर बोर्डवरून जाऊ दे, थर्मोस्टॅटवरून थेट नाही.

एसीच्या गॅसला (रेफ्रिजरंटला) आणि पाइपांच्या ब्रेझिंगला (जोड डाग देण्याला) हात लावू नका, तो गॅस हाताळायला ईपीए ६०८ (अमेरिकी पर्यावरण खात्याचं) सर्टिफिकेट लागतं, २४० व्होल्टच्या लायनीला टाउनशिपचं परमिट. २०२५ पासून नवीन युनिट आर-४५४बी किंवा आर-३२ वर येतात, हे गॅस थोडे ज्वलनशील, म्हणून बऱ्याच युनिटांत लीक सेन्सर असतो. लीक झाली की ब्लोअर सुरू होऊन सगळे झोन डँपर उघडायला पाहिजेत, तुमचा बोर्ड ते करतो का हे नक्की विचारा. गॅस भरायच्या आधी पाइपांतली हवा काढतात, ते व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली गेलेलं गेजवर स्वतः बघा. कॉइलच्या पाण्याच्या ड्रेनला ट्रॅप आणि फ्लोट स्विच (पाणी तुंबलं की एसी बंद करणारा) लावून घ्या, नाहीतर पाणी कार्पेटवर.

टेस्ट मात्र सगळे झोन उघडे ठेवून करू देऊ नका, तसं तर सगळ्यांचंच पास होतं. दमट, गरम दिवशी फक्त छोटा झोन चालू ठेवून तासभर चालवा. रिटर्न आणि सप्लायमध्ये १६ ते २२ डिग्री फॅरेनहाइट फरक ठीक, बराच जास्त आला तर हवा कमी पडतेय. आणि जाड पाइपाला हात लावून बघा, तो गार नि ओला असायला हवा, पांढरा दिसला तर चेक देऊ नका.