संगणकाची केस घरी रंगवताय? या चुका टाळा

केस रंगवायची ठरवली की आपण छटा निवडण्यात दोन दिवस घालवतो. पण पत्र्यावर बसतो तो एक थर असतो, हे मनात पक्कं करायला हवं. त्याला जाडी असते. तो वीज अडवतो, उष्णताही अडवतो. आणि पोटात अडकलेलं थिनर कितीतरी दिवस हळूहळू बाहेर सोडत राहतो. घरी होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सामान आत ठेवून, वरून मास्किंग टेप आणि कागद लावून स्प्रे मारणं. स्प्रेचा धुरळा कागदाच्या कडेतून आत शिरतो आणि स्लॉटच्या बारीक पट्ट्यांवर बसतो. पॉलिश पेपरने घासताना उडणारा लोखंडाचा भुगा तर त्याहून वाईट, कारण त्यातून वीज वाहते. मदरबोर्डवर पडलेला एक कण शॉर्ट करायला पुरतो. म्हणून मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, ड्राइव्ह, पंखे, पुढच्या बटणांच्या वायरी, जाळ्या हे सगळं काढा. बटणांच्या वायरी कुठे लागल्या होत्या त्याचा फोटो काढून ठेवा, परत जोडताना दहा मिनिटं वाचतात. केस रिव्हेटने जोडलेली असेल तर त्याच जाडीच्या ड्रिलने रिव्हेट काढता येतात. रंग कोपऱ्यांपर्यंत नीट पोहोचावा असं वाटत असेल तर ही मेहनत घ्याच.

पोपडे का निघतात

पुष्कळ केसचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. मुलामा उघडा असेल आणि त्यावर साधा ऑइल पेंट थेट लावला, तर रंगातलं तेल आणि जस्त यांच्यात रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. सुरुवातीला काम सुंदर दिसतं, आणि काही महिन्यांनी नखाने पापुद्रा निघतो. अशा पत्र्यावर आधी एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा खालचा थर हवा.

याउलट केसवर कारखान्याचा रंग शाबूत असेल तर तो मुळापर्यंत खरवडून काढायचा अट्टहास नको. भांडी घासायच्या साबणाने धुवा, कोरडी करा, 320 ते 400 नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. बस. 80 नंबरच्या पेपरने घासलं तर जस्ताचा मुलामाच निघून जातो, खालचं पोलाद उघडं पडतं आणि पुढे गंज धरतो. शिवाय ते ओरखडे रंगाखालूनही दिसत राहतात.

शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. त्यानंतर पत्र्याला उघड्या बोटांनी शिवायचं नाही. बोटांचा तेलकटपणा किंवा सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश राहिला तर रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ते पुढच्या हाताने झाकले जात नाहीत. घासून, पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पुढचा भाग बहुधा एबीएस प्लॅस्टिकचा असतो. त्यावर अॅसिटोन लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. आणि पारदर्शक अॅक्रिलिकच्या खिडकीला अल्कोहोलही नको, त्याने केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात. तिला साबणाचं पाणीच बरं.

स्प्रे मारताना

कॅन आतल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यावरही निदान दोन मिनिटं हलवा. अंतर 20 ते 30 सेंटिमीटर ठेवा. पत्रा सुरू होण्याआधी स्प्रे सुरू करा, पत्रा संपल्यावर थांबवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा रंग दिसत राहील. नवख्या माणसाला नेमकं हेच सहन होत नाही, तो तिथेच जाड हात मारतो आणि ओघळ येतात.

ओघळ आला तर बोटाने पुसू नका. पूर्ण वाळू द्या, मग 600 किंवा 800 नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून सपाट करा आणि पुन्हा पातळ हात मारा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर बहुतेक वेळा कॅन लांब धरलेला असतो किंवा हवा फार गरम असते, त्यामुळे थेंब पसरण्याआधीच सुकतात. पांढुरकी, धुरकट झाक आली तर हवेतला ओलावा रंगात अडकला आहे. पावसाळी दिवशी हे काम काढूच नये.

सुरकुत्यांचं कारण मात्र वेगळं असतं. पुष्कळ कॅनवर लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभरात मारा, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. मधल्या वेळात खालचा थर वरून सुकलेला पण आतून कच्चा असतो. नव्या हातातलं थिनर तिथे शिरतं आणि थर फुगून गोळा होतो. इनॅमलच्या रंगावर लॅकर, म्हणजे जास्त तीव्र थिनरचा रंग, मारला तरीही असंच होतं. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) शक्यतो एकाच प्रकारचे घ्या.

जिथे पत्रा उघडाच हवा

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. केसला अर्थिंग मिळतं ते पॉवर सप्लायच्या बाहेरच्या पत्र्यातून आणि त्याच्या स्क्रूंमधून. दोन्ही पृष्ठभागांवर रंगाचा जाड थर असेल तर हा मार्ग तुटू शकतो. स्क्रू घट्ट करताना थोडा रंग खरवडला जातो खरा, पण सुरक्षेची गोष्ट त्या भरवशावर सोडू नये. पॉवर सप्लाय टेकतो ती चौकट, मदरबोर्डचे स्टँडऑफ (तो ज्यांवर टेकतो ते छोटे धातूचे खुंट) आणि मागच्या आय-ओ शील्डची (जोडण्यांच्या भोकांच्या पत्र्याची) कड रंगवण्याआधी टेपने झाका.

स्क्रूच्या आट्यांतही रंग जाऊ देऊ नका. टिश्यूची गुंडाळी करून भोकात बसवली तरी पुरतं. बाजूचा दरवाजा ज्या खाचेत सरकतो तिथेही रंग नको, नाहीतर दार अडकतं आणि जोर लावला की कडेचा रंग सोलवटतो. टेप काढायची ती रंग थोडा ओलसर असताना, हळूच मागे दुमडून. रंग कडक झाला असेल तर आधी ब्लेडने कड कापून घ्या.

सुट्या भागांबाबत माझं मत स्पष्ट आहे: पॉवर सप्लाय रंगवण्यासाठी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. हार्ड डिस्कवर श्वास घेण्याचं बारीक छिद्र असेल तर ते बुजता कामा नये. हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांवर जाड रंग म्हणजे उष्णतेला पांघरूण. पंख्याच्या पात्यांवर रंग कमी-जास्त बसला की तोल जातो आणि पंखा थरथरतो. चौकट रंगवा, पाती सोडा. रॅमचं कवच उपटून काढायचा प्रयत्न करू नका. डिंक घट्ट असेल तर चिपच त्याच्यासोबत उखडून येऊ शकते.

श्वास आणि आग

धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा, आणि काम मोकळ्या हवेत. कॅनच्या बुडातलं बटण दाबून हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरी वापरू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. पुष्कळ कॅनमधला दाबाचा वायू प्रोपेन आणि ब्युटेनचा असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. जवळ पेटती शेगडी, हीटर किंवा ठिणगी उडवणारी मोटर नको. लवकर पिकावा म्हणून रंगवलेला भाग स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालणंही नको.

सुकला म्हणजे पिकला नाही

हाताला लागत नाही याचा अर्थ रंग तयार झाला असा नव्हे. निदान आठवडाभर सगळे भाग सुटे, हवेशीर जागी राहू द्या. मग आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर नख दाबून बघा. खूण उमटली किंवा नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास आला तर आणखी थांबा. जोडणी झाल्यावर पॉवर कॉर्ड संगणकाला लावा, पण तिचं दुसरं टोक भिंतीत घालू नका. त्या प्लगची अर्थ पिन आणि केसचा उघडा पत्रा यांच्यामध्ये मल्टीमीटर ओहम मोजायच्या सेटिंगवर लावा. आकडा एक ओहमच्या आत आला तरच वीज चालू करा. जास्त आला तर पॉवर सप्लायच्या स्क्रूंखालचा रंग खरवडून पुन्हा मोजा.