साखर उतरतेय, हे ओळखायचं कसं?
आमचे अण्णा इन्सुलिन घेतात आणि रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. रक्तातली साखर फार उतरायला लागली की त्यांच्या वरच्या ओठावर घाम येतो, सदऱ्याचं बटण लावताना बोटं थरथरतात. धडधड, कडकडून भूक, चिडचिडही होते. ‘मला काही झालं नाही’ म्हणाले तरी मी ऐकत नाही. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा मीटर जवळ नसेल तर नुसत्या लक्षणांवरून, तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कंदी पेढा नको. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.