लांबच्या विमानात पायात गुठळी होऊ नये म्हणून

आई-बाबा मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेत? १५-१६ तास बसून राहिलं की पोटरीचा पंप थंडावतो, म्हणजे तिथले स्नायूच रक्त वर ढकलतात ना, ते हललेच नाहीत तर रक्त शिरेत साचतं आणि गोठू शकतं (हार्ट अटॅकवाला प्लाक, म्हणजे चरबीचा थर, वेगळा, तो धमनीत वर्षानुवर्षं साठतो). तर आइल सीट घ्या, पायापाशी बॅग कोंबू नका, दर तासा-दोन तासांनी टॉयलेटपर्यंत चक्कर, मध्येमध्ये टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, वीसेक वेळा. अ‍ॅस्पिरिन मनाने नको. नंतर, अगदी दोन आठवड्यांनीही, एकच पाय सुजला, गरम लागला तर तेल लावून चोळू नका, आमच्याकडे पहिलं तेच सुचतं, सरळ डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर लगेच इमर्जन्सी.